आठ बाटल्या हवा

सरासरी या शब्दाचा मला राग येत नाही, तो नाक मुरडून उच्चारणाऱ्यांचा येतो. एकतीस वर्षं मी हवामान खात्यात नोकरी केली, त्यातली अकरा लक्षद्वीपच्या एका बेटावर. सकाळी एक फुगा, संध्याकाळी एक फुगा. फुगा सोडायचा, तो कुठे वाहत जातो ते पाहायचं आणि कोणत्या उंचीवर वारा कुठून, किती वेगानं येतो ते लिहून ठेवायचं. पुढे पुण्याला बदली झाली तेव्हा अरबी समुद्रावरच्या आणि हिंदी महासागरावरच्या अशा हजारो फुग्यांच्या नोंदी गोळा करून महिन्यामहिन्याची सरासरी काढायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त होऊन मी तासगावला भावाकडे राहायला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्या कमी आणि तक्ते जास्त होते. वहिनीनं ते तक्ते बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवायला लावले. तेव्हापासून त्यांना बेदाण्याचा वास येतो.

लोक म्हणतात, गुणमालाताई, सरासरी वारा खरा कधी वाहतच नाही, मग काढता कशाला? माणूस आज चिडलेला असेल, उद्या खुशीत असेल, पण त्याचा म्हणून एक स्वभाव असतो की नाही? सरासरी म्हणजे वाऱ्याचा स्वभाव. आजचा वारा ही त्याची आजची लहर. लग्न जमवताना आपण स्वभाव विचारतो, लहर कुणी विचारत नाही.

पल्लवी मेटकरी या तक्त्यांसाठीच माझ्याकडे आली. आटपाडीच्या हरिबांची मुलगी. हरिबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता मेंढरं थोडी आणि डाळिंबाची झाडं जास्त. पल्लवी पुण्याच्या एका संस्थेत पीएचडी करत होती, चौथं वर्ष चालू होतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण सात-आठ किलोमीटरच्या वर गेलं की मामला उलटा होतो. चौदा-पंधरा किलोमीटरवर वारा पूर्वेकडून येतो आणि चांगला जोरात येतो. बंगालच्या उपसागरावरून निघतो, आपल्या डोक्यावरून जातो आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. जुलै आला की दरवर्षी हाच स्वभाव. उपसागराकडच्या ढगांबरोबर वर चढलेला धूर आणि धूळ या वाऱ्यातून अरबी समुद्रावर जाते का, हे पल्लवीला शोधायचं होतं. त्यासाठी ती हवा हातात पाहिजे. तिचे आकडे रेडिओवरून खाली पाठवता येत नाहीत, हवा बाटलीत भरूनच आणावी लागते.

म्हणून तिनं थर्माकोलचं एक खोकं बनवलं होतं. आत पंज्याएवढ्या आठ स्टीलच्या बाटल्या. फुगा खोकं घेऊन वर जाणार, ठरलेल्या उंचीवर एकेक बाटली उघडून भरणार आणि मिटणार. पहिली खोकं सीलबंद झाल्यावर जमिनीवरच भरायची, तुलनेसाठी, आणि आठवी वीस किलोमीटरवर. सव्वीसच्या आसपास फुगा फुटणार आणि खोकं छत्रीला लटकून खाली येणार. यात एकच मेख होती. झडपा बॅटरी चालू असेपर्यंतच घट्ट मिटलेल्या राहत होत्या. बॅटरी संपली की झडपा सैल, आणि खालची हवा आत. खोकं हाती आल्यावर प्रत्येक बाटलीची चावी हातानं पिळून ती कायमची बंद करायची, एवढंच काम. पण ते बॅटरी संपायच्या आत व्हायला पाहिजे. बॅटरी अकरा तासांची होती.

फुगा सोडायची परवानगी एका दिवसाची मिळाली होती. बाटल्या दुसऱ्या संस्थेकडून उसन्या आणलेल्या, त्या सोमवारी परत जायच्या होत्या. आणि पल्लवीच्या संस्थेनं कळवलं होतं की यापुढे मुदत वाढवून मिळणार नाही. थोडक्यात, त्या दिवशी खोकं वेळेत सापडलं तर प्रबंध, नाही तर चार वर्षं पाण्यात.

जुलैच्या एका शुक्रवारी पावणेसातला आम्ही हरिबांच्या माळावर बॅटरी चालू केली. म्हणजे पावणेसहापर्यंत वेळ. आम्ही चौघं होतो: पल्लवी, हरिबा, मी आणि माझा भाचा अरिहंत. अरिहंत इंजिनिअर आहे. खोक्याचा ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर त्यानंच बनवला होता आणि जीपही तोच चालवणार होता. सात वाजून दहा मिनिटांनी फुगा सुटला. सुटला तो सरळ पूर्वेला, सांगोल्याच्या दिशेनं, आणि दोन मिनिटांत ढगात शिरला.

अरिहंत लॅपटॉपवर डोळे लावून बसला. एक किलोमीटर, पूर्वेला. तीन किलोमीटर, पूर्वेला, वेग वाढलेला. साडेपाच किलोमीटर, अजून पूर्वेलाच. आणि तिथे ट्रॅकरचा आवाज बंद पडला. आम्ही साडेनऊपर्यंत वाट पाहिली. एव्हाना खोकं खाली यायला हवं होतं आणि आतल्या सिमकार्डावरून मेसेज यायला हवा होता. काही आलं नाही.

"आत्या, सांगोल्याकडे निघू," अरिहंत म्हणाला.

"कशाला? आपल्याला कोरेगावकडे जायचंय," मी म्हणाले. "तुझ्या कॉम्प्युटरनंही काल तेच सांगितलं होतं, आणि माझे तक्ते अठ्ठावीस वर्षं तेच सांगतायत."

"कॉम्प्युटरचा अंदाज होता, तुझी सरासरी आहे. हे प्रत्यक्ष आहे. साडेपाच किलोमीटरवर खोकं ताशी पन्नासच्या वेगानं पूर्वेला चाललं होतं."

"जाणारच. त्या उंचीवर सगळंच पूर्वेला जातं. अरे, तुझा फुगा आधी सांगोल्याच्या एसटीत बसतो. सात-आठ किलोमीटरवर उतरतो आणि कोरेगावच्या एसटीत बसतो. ती जलद गाडी आहे आणि तिच्यात तो जास्त वेळ बसतो. उतरणार कुठे मग?"

"आणि आज ती गाडी सुटलीच नसली तर?"

आम्ही दोघं पल्लवीकडे पाहायला लागलो. खोकं तिचं होतं, ठरवायचं तिनं. ती ओठ चावत लॅपटॉपवरच्या शेवटच्या ठिपक्याकडे बघत राहिली. डोळ्यांना दिसलेलं सोडून देणं फार कठीण असतं, हे मला माहीत आहे. "मॅडम, रागावू नका," ती म्हणाली, "पण आधी सांगोल्याकडे बघू या."

मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण बोलले नाही. जीपमध्ये मागे बसले आणि तीन तास खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही सांगोल्याच्या अलीकडची गावं पालथी घातली, वाड्यावस्त्यांवर विचारलं, शाळेच्या पोरांना विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? तिथे काही पडलंच नव्हतं.

साडेबारा वाजता एका हॉटेलापाशी गाडी थांबली. इंजिन तापलं होतं. हरिबा सकाळपासून जवळजवळ गप्प होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

"आमचा धुळा कलेढोणच्या माळाला हाय मेंढरं घिऊन," ते म्हणाले. "त्याला इचारू. मेंढकं दिसभर आभाळाखाली असत्यात." त्यांनी नंबर लावला, फोन अरिहंतच्या हातात दिला, "तुमीच इचारा, मला तुमचं यंतर सांगता यायचं न्हाई," म्हणाले आणि रेडिएटरसाठी पाणी आणायला कॅन घेऊन मागच्या हापशाकडे गेले.

कलेढोण आटपाडीच्या पश्चिमेला. धुळाचा आवाज तुटत तुटत येत होता. अरिहंतनं फोन स्पीकरवर टाकला.

"दिसला की," धुळा म्हणाला. "न्याहारीच्या वक्ताला ढग फाटलं हुतं. लय उंच, पांढराफेक ठिपका. दिसा चांदणी दिसल्यावानी."

"मग? पुढं काय झालं?"

"वर गेला न्हवं."

"वर गेला ते माहीत आहे. खाली कुठं आला?"

"खाली कुठला येतोय. वरच गेला. खाली काय आलाच न्हाई, मी लय येळ बघत हुतो." आणि रेंज गेली.

आता माझी चूक सांगते, कारण ती माझीच होती. एकतीस वर्षं ज्या बाईनं वर या शब्दाचा अर्थ किलोमीटरमध्ये मोजला, तिला दुसरा अर्थ सुचणार कुठून? वर गेला, खाली आलाच नाही. माझ्या धंद्यात याला एकच अर्थ आहे: फुगा फुटला नाही. कधी कधी होतं तसं. वायू थोडासा गळतो, फुगा एका उंचीवर तरंगत राहतो आणि मग वारा नेईल तिकडे जातो. आणि जुलैत पंचवीस किलोमीटरवर वारा कुठे नेतो, हे माझ्याइतकं आटपाडी-सांगोल्याच्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक असणार?

मी मोठ्या आत्मविश्वासानं हिशेब केला. तोंडी केला, हीच माझी खोड. "ताशी साठ धरला तरी दहापर्यंत सह्याद्री ओलांडला," मी म्हणाले. "आत्ता तो समुद्रावर आहे. उद्या या वेळेला अरबी समुद्राच्या मध्यावर. तिथून पुढे त्याला अडवणारं काही नाही."

पल्लवी हॉटेलच्या बाकड्यावर बसली, चप्पल काढून पाय वर घेतले आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, लहान पोरीसारखी रडली. अरिहंतनं लॅपटॉप मिटला. मला स्वतःचा संताप आला, कारण माझे तक्ते बरोबर ठरले होते आणि त्याचा उपयोग फक्त हिला रडवायला झाला होता.

हरिबा पाण्याचा कॅन घेऊन आले. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि एकदा आमच्याकडे.

"काय म्हनला धुळा?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं: वर गेला, वरच गेला, खाली आलाच नाही.

हरिबांनी कॅन खाली ठेवला. "मग रडतीया कशापायी?"

"अहो हरिबा, वर गेला तो खाली आलाच नाही ना," मी म्हणाले.

"व्हय की. वर गेला. कराडाकडं, कोरेगावाकडं." त्यांनी मावळतीकडे हात केला. "खाली म्हंजे हिकडं, सांगोल्याकडं. आमच्यात पानी जिकडनं येतं ती वरची बाजू, जिकडं जातं ती खालची. धुळा तुमास्नी सांगतुया की ठिपका मावळतीला गेला, उगवतीला आला न्हाई. आनि तुमी बसलायसा उगवतीला येऊन."

मी कपाळाला हात लावला. अरिहंत हसायला लागला, आणि माझ्याकडे बघून हसणं गिळायचा प्रयत्न करायला लागला, ते त्याला जमेना. पल्लवीनं तोंड वर केलं. "आण्णा, धुळामामा न्याहारीला कधी बसतो?"

"नऊच्या आदी न्हाई."

ती बाकड्यावरून उठली ती चप्पल न घालताच. सकाळी नऊच्या आधी फुगा फुटून छत्री उघडलेली असणार, म्हणजे धुळानं पाहिला तो छत्रीला लटकून येणारा पांढरा ठिपका, अजून खूप उंचावरचा. वेळ जुळत होती, दिशा जुळत होती. ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "मॅडम, तुमचे तक्ते काढा. खोकं कुठं पडलं ते मला नेमकं सांगा."

अशी माणसं मला आवडतात. मी जीपच्या बॉनेटवर तक्ते पसरले, बेदाण्याचा वास सुटला. प्रत्येक थराचा जुलैचा सरासरी वारा घेतला, खोकं त्या थरात किती मिनिटं राहिलं ते पल्लवीनं सांगितलं, गुणाकार अरिहंतनं केले. उतरताना शेवटच्या थरांत वारा पुन्हा पश्चिमेचा, म्हणजे खोकं थोडं मागे, पूर्वेकडे सरकणार. तेही धरलं. रहिमतपूर आणि कोरेगाव यांच्या मधे, रस्त्यापासून फार लांब नाही, असं उत्तर आलं.

"नक्की?" अरिहंतनं विचारलं.

"स्वभाव सांगते. लहरीसाठी दोन्हीकडे आठ-आठ किलोमीटर सोड."

एक वाजून गेला होता. विटा, मायणी, पुसेसावळी करत आम्ही निघालो. अरिहंतनं गाडी अशी हाणली की मी दोनदा णमोकार मंत्र म्हणून घेतला. मायणीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे पाऊण तास गेला. पल्लवी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. रहिमतपूर सोडलं तेव्हा साडेचार झाले होते.

पुढच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. गावाच्या तोंडाशीच चहावाल्यानं हात करून गाडी अडवली. "म्होरं जाऊ नगा. आल्याच्या रानात बॉम पडलाय आभाळातनं."

पल्लवीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "थर्माकोलचा बॉम्ब?" तिनं विचारलं.

"थर्माकोलाचा हाय का कशाचा ते बघायला जवळ कोन जानार? सुभेदारांनी सगळ्यांस्नी लांब उभं केलंय."

सुभेदार लालासाहेब, सैन्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ. आल्याच्या वाफ्यांच्या कडेला दोरी बांधून ते दोरीच्या अलीकडे काठी घेऊन उभे होते. पलीकडे शंभर पावलांवर मातीनं भरलेल्या खताच्या गोण्यांचा ढीग. खोकं त्या ढिगाखाली, पडल्या पडल्याच झाकलेलं. सिमकार्डाचा मेसेज का आला नाही ते आत्ता कळलं. एवढ्या मातीखालून काय येणार?

"रुको," ते म्हणाले. "दोरीच्या पुढं यायचं न्हाई. साताऱ्याचं पथक दुसऱ्या कामाला गेलंय, सात वाजेपातूर पोचंल."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पल्लवीनं परवानगीचा कागद दाखवला, ओळखपत्र दाखवलं, बाटल्यांचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "कागद बरोबर असंल," ते म्हणाले, "पन त्यो ह्याच खोक्याचा कशावरनं?"

"खोक्यावर माझं नाव आहे. फोन नंबर आहे. हे यंत्र धोक्याचं नाही, सापडल्यास कळवा, असं मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"आसंल. पन त्ये वाचाया जवळ जाया पायजे, आनि जवळ जायाचं न्हाई हाच नियम हाय."

अरिहंत मधेच काहीतरी बोलायला गेला, मी त्याला मागे ओढलं. असल्या माणसाशी आवाज चढवून भागत नाही. त्यात मला तो माणूस आवडायला लागला होता. नियम मोडायला सांगायचं नाही, नियमातूनच वाट काढायची.

"तुमी कुठनं सोडला म्हनताय फुगा?" त्यांनी विचारलं.

"आटपाडीवरून."

लालासाहेब पहिल्यांदा हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. काठीनं त्यांनी शेजारचा ऊस दाखवला. सगळा ऊस पूर्वेकडे झुकला होता. "आटपाडी हितनं पूर्वेला. वारं पश्चिमेचं, म्हैनाभर हेच वारं हाय. तुमचा फुगा वाऱ्याच्या तोंडावर चालत आला व्हय? बाई, मी आडानी न्हाई."

गर्दी हसली. पल्लवी पांढरी पडली. आणि मला मात्र एकदम हायसं वाटलं, कारण आता तो माझ्या अंगणात आला होता.

"सुभेदारसाहेब, सैन्यात कशात होता?"

"तोफखान्यात. अठ्ठावीस साल."

"गोळा टाकायच्या आधी तुमच्याकडे हवामानाचा कागद यायचा की नाही?"

"यायचा. त्याबिगर तोफ लावतच न्हाईत."

"त्याच्यावर वारा एकच लिहिलेला असायचा का?"

ते काठी जमिनीवर टेकवून उभे राहिले.

"तोफेपाशी उभं राहून गवत कुठे झुकलंय ते बघून तुम्ही गोळा टाकायचात का?" मी विचारलं.

"न्हाई," ते सावकाश म्हणाले. "थराथराचं वारं असायचं. खाली येक, वर येक. कवा कवा वरचं पार उलटं." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं, तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. "डोंगरात तर लय उलटं."

"इथेही तसंच आहे. तुमचा ऊस ज्या वाऱ्यानं झुकलाय तो फार तर सात-आठ किलोमीटरपर्यंत. त्याच्या वर पूर्वेचा वारा आहे, उपसागराकडून समुद्राकडे जाणारा. दर जुलैला असतो. मी अकरा वर्षं समुद्रातल्या बेटावरून तो मोजलाय. तसले कागद तयार करणाऱ्यांतलीच मी एक. आमचा फुगा सव्वीस किलोमीटर वर गेला होता. तुमचा गोळा तेवढा वर गेला असता, तर तुम्ही काय धरलं असतंत?"

लालासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते. मग त्यांनी काठी हरिबांच्या हातात दिली.

"ह्यांस्नी दोरीच्या आत येऊ देऊ नगा," ते म्हणाले. "मी येकटा जातो."

शंभर पावलं ते कवायतीच्या चालीनं गेले. एकेक गोणी उचलून बाजूला ठेवली. सत्तरीच्या माणसाला वीस गोण्या म्हणजे थोडं काम नाही, पण त्यांनी कुणाला बोलावलं नाही. मग ते गुडघ्यावर बसले, चष्मा लावला, वाकून वाचलं. खिशातून फोन काढला.

पल्लवीच्या हातातला फोन वाजला. तिनं उचलला.

"हॅलो. कोन बोलतंय?"

"पल्लवी हरिबा मेटकरी. आटपाडी."

"आपलं येक खोकं सापडलंय," लालासाहेब म्हणाले. आम्हाला ते समोर दिसत होते, फोन कानाला लावलेले, पाठ आमच्याकडे. "वळख पटली. येऊन घिऊन जावा. येकटीनंच यायचं."

ती धावली. आल्याचे वाफे तुडवू नयेत म्हणून सरीतून धावली, तेवढं भान तिला होतं. पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. मी मनात म्हटलं, तेरा मिनिटं आहेत, आठ बाटल्या आहेत, पुरे. पण वर उणे साठ अंशांत राहून आलेली बॅटरी घड्याळाप्रमाणे चालत नाही. पल्लवीनं झाकण उघडलं तेव्हाच आतला दिवा लुकलुकायला लागला होता, हे तिनं नंतर सांगितलं. आम्हाला लांबून फक्त तिचे हात दिसत होते.

मला वाटलं होतं, ती एका कडेनं सुरुवात करील. कुणीही तसंच करतो, एक, दोन, तीन. तिनं तसं केलं नाही. आधी सोळा किलोमीटरची बाटली पिळली. मग चौदाची. मग बारा, मग वीस, मग नऊ. ज्या हवेसाठी चार वर्षं घातली ती आधी. पाच किलोमीटरची. दोन किलोमीटरची. आणि हात शेवटच्या बाटलीवर गेला तेवढ्यात दिवा विझला.

लालासाहेबांनी हात करून आम्हाला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा ती मातीत मांडी घालून बसली होती, खोकं मांडीवर, कोपरापर्यंत चिखल. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं. ते मी लपवलं नाही, या वयात कशाला लपवायचं?

"सात मिळाल्या मॅडम," ती म्हणाली. "एक गेली."

हरिबा तिच्यासमोर उकिडवे बसले. चार वर्षांत त्यांनी मुलीला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आपल्याला कळायचं नाही असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि तिनंही तेच धरलं होतं. त्यांनी बोटानं बाटल्यांना एकेक करून हात लावला, मेंढरं मोजतात तसा.

"गेली ती कुठली?"

"पहिली. खालची, जमिनीवर भरलेली. सकाळी आपल्या माळावर उभं राहून भरली ना, ती."

"म्हंजे आपल्या रानातली हवा?"

"हो, आण्णा."

हरिबांनी ती वाया गेलेली बाटली खोक्यातून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खिशात घातली.

"येवढंच व्हय," ते म्हणाले. "ती मी देतो की भरून."